दोन्ही हात वर करा, वहिनी

माझ्याकडे दुखण्याचे चार हजार एकशे बारा शब्द आहेत. ठणका, कळ, चमक, उसण, कसकस, कणकण, मुरडा, भोवळ. डोकं जड होणं वेगळं आणि डोकं उठणं वेगळं, जीव घाबरा होणं वेगळं आणि जीव खालीवर होणं वेगळं, हे मी तुम्हाला अर्धा तास समजावून सांगू शकतो आणि पूर्वी सांगायचोही, कुणी विचारलं नाही तरी. सात वर्षं गावोगाव हिंडून मी ते गोळा केले. मला त्याची फार घमेंड होती.

माझा विषय आरोग्य मानसशास्त्र. असं म्हटलं की लोक विचारतात, ‘म्हणजे वेड्यांचे डॉक्टर का?’ नाही. रोग शरीराला होतो, पण दवाखान्यात जायचं की नाही हे माणूस ठरवतो. दुखणं तो कधी सांगतो, कुणाला सांगतो, कुणापासून लपवतो, बरं वाटायला लागल्यावर गोळ्या मध्येच का सोडतो, हे आम्ही तपासतो. आपल्या भाषेत ‘दुखणं अंगावर काढणं’ असा एक झकास शब्दप्रयोग आहे. माझा प्रबंध त्यावरच होता. माणसं दुखणं अंगावर का काढतात, याची मी तीनशे चाळीस पानं लिहिली आणि त्यातूनच ‘विचारपूस’ तयार झाली.

विचारपूस म्हणजे तांब्याएवढं एक यंत्र आणि मनगटावर बांधायचा एक पट्टा. २०३४ साली आमच्या संस्थेनं ते खानापूर तालुक्यातल्या अकरा हजार घरांत ठेवलं. रोज सकाळी ते घरातल्या माणसाला विचारायचं, ‘आज कसं आहे?’ माणूस बोलायला लागला की यंत्र दोन गोष्टी एकदम ऐकायचं. एक म्हणजे शब्द; ते माझ्या कोशाशी ताडायचं. दुसरी म्हणजे आवाज: तो कुठे कापतो, दोन शब्दांत किती थांबतो, श्वास कुठे अपुरा पडतो. पट्टा नाडी आणि कातडीचं तापमान सांगायचा, यंत्राचा डोळा चेहरा आणि हातपाय बघायचा. हे सगळं जुळवून यंत्र प्रत्येक तक्रारीचे दोन भाग करायचं. शरीराचा किती आणि मनाचा किती. शरीराचा भाग मोठा निघाला तर आरोग्य केंद्राला निरोप जायचा. मनाचा मोठा निघाला तर यंत्र स्वतःच माणसाशी बोलत बसायचं, धीर द्यायचं. धीर देणं हे थोतांड नव्हे. एकट्या माणसाला तीच जखम जास्त दुखते आणि कुणी आपुलकीनं चौकशी केली की रक्तदाब खरोखर खाली येतो. आम्ही मोजलं होतं.

धीर लवकर पोचावा म्हणून मी दोन युक्त्या काढल्या. पहिली, यंत्रानं ओळखीच्या आवाजात बोलायचं. घरातल्या कुणाही माणसाचा दहा मिनिटांचा आवाज दिला की यंत्र हुबेहूब तसं बोले. दुसरी, यंत्रानं रोगाचं नाव घ्यायचं नाही. नाव ऐकलं की निम्मी माणसं भीतीनंच आजारी पडतात. तिन्हीसांजेनंतर सापाला लांबडं म्हणणारी माणसं आपण, त्यामुळे ही कल्पना सगळ्यांना पटली. दोन्ही युक्त्यांबद्दल मला टाळ्या मिळाल्या होत्या, हे इथे नमूद करून ठेवतो.

पहिलं यंत्र मी विट्याला आमच्याच घरी नेलं.

माझी आई मी दुसरीत असताना गेली. मी चौथीत असताना दादाचं लग्न झालं आणि शालनवहिनी घरात आली. ती तेव्हा एकोणीस वर्षांची. आमच्याकडे दिराला भावजी म्हणतात, अहो-जाहो करतात, मग तो दीर नाक पुसता न येणारा का असेना. ती मला न्हाऊ घालायची आणि म्हणायची, ‘भावजी, डोळं मिटा, साबण जाईल.’ मी पुण्याला शिकायला गेलो ते तिनं मागावाल्यांच्या सुताच्या कांड्या भरून साठवलेल्या पैशांवर. तिला मूल झालं नाही. त्याबद्दल घरात कुणी कधी बोललं नाही, मीही नाही.

यंत्र मी भिंतीतल्या देवळीशेजारी ठेवलं. ती पदराला हात पुसत लांबूनच बघत होती.

‘ह्याच्यात कुणाचा आवाज घालायचा?’ मी विचारलं. ‘दादाचा?’

‘ह्यांचा? अगं बया! चोवीस तास ऐकतीया की तो.’ मग जरा थांबून म्हणाली, ‘तुमचा घाला. तुमचा फोन आला की बरं वाटतं बघा मला.’

मी दहा मिनिटं वर्तमानपत्र वाचून आवाज भरला. यंत्र माझ्याच आवाजात म्हणालं, ‘वहिनी, आज कसं आहे?’ ती तोंडावर पदर घेऊन हसली.

‘आन् मी बोलले ते तुम्हास्नी कळतंय का?’

मला इथे खरं सांगायचं होतं. बोलणं यंत्रातच राहतं, मला आठवड्याला एक आकडा आणि हिरवी नाहीतर लाल खूण येते, बाकी काही नाही. पण ती इतक्या आशेनं बघत होती, आणि मलाही गाडी गाठायची होती.

‘कळतं की,’ मी म्हणालो. ‘तुम्ही बोलाल ते सगळं माझ्यापर्यंत पोचतं.’

‘मग झालं,’ ती म्हणाली.

त्याच दिवशी जाता जाता आरोग्य केंद्रात मुलाणी सिस्टरना भेटलो. रेहाना मुलाणी. वीस वर्षं या भागात नर्स, वाड्यावस्त्यांवरच्या प्रत्येक बाळंतिणीचं नाव पाठ. माझा शब्दकोश त्यांनी आधीच वाचला होता.

‘सर, यात बायकांचे शब्द नाहीत,’ त्या म्हणाल्या.

‘अहो, निम्म्याहून जास्त मुलाखती बायकांच्याच आहेत.’

‘मुलाखती आहेत. शब्द नाहीत. तुमच्यासमोर त्या गुडघे सांगणार, डोकं सांगणार. बाकीचं नाही सांगणार.’ त्यांनी एक घडी घातलेला कागद माझ्या हातात दिला. ‘अडतीस शब्द लिहिलेत. सुरू करायच्या आधी घाला. आणि बायकांना बाईचाच आवाज द्या.’

कागद मी पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवला. ‘पुढच्या टप्प्यात नक्की,’ असंही म्हणालो. पुढचा टप्पा हे आमच्याकडे नको असलेल्या पाहुण्याला द्यायच्या आश्वासनासारखं असतं.

विचारपूस चालली, आणि उत्तम चालली. केंद्रावरची गर्दी तिसऱ्या महिन्यात निम्म्यावर आली. जिथे तिथे माझी व्याख्यानं होऊ लागली. दर सोमवारी माझ्या फोनवर वहिनीच्या नावापुढे हिरवी खूण यायची, आणि ती बघितली की मला तिच्याशी बोलल्यासारखंच वाटायचं. पूर्वी मी रविवारी फोन करायचो. मग पंधरा दिवसांनी, मग सणावारी. दिवाळीला गेलो तेव्हा ती जरा फिकट दिसली. मी म्हणालो, ‘वहिनी, बारीक झालात.’ ती माझ्याकडे बघून हसली, म्हणाली, ‘तुम्हास्नी म्हाईत हायच की.’ मला वाटलं, वयाबद्दल बोलते आहे. मीही हसलो.

जूनच्या एका दुपारी दादाचा फोन आला. तो कधीच फोन करत नाही. म्हणाला, ‘शालन पडली कांड्या भरताना. मिरजेला आणलंय. रगत न्हाई म्हणत्यात अंगात. ये.’

मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. गर्भाशयाचा कर्करोग, आता आसपास पसरलेला. शस्त्रक्रिया करू, नंतर किरणं देऊ, पण तुम्ही शिकलेले आहात, सगळं आलबेल होईल असं मी सांगत नाही. ‘पाळी जाऊन आठ वर्षं झालेली बाई,’ त्या म्हणाल्या, ‘आणि चौदा महिने रक्त जातंय. चौदा महिने! कुणालाच बोलली नाही?’

‘दुखणं अंगावर काढलं असेल,’ मी म्हणालो. माझ्याच प्रबंधाचं नाव घेतल्यासारखं.

पण तिच्या नावापुढे एकदाही लाल खूण आली नव्हती. नाडी वाढलेली, कातडी गार, चेहरा फिकट, हे सगळं पट्ट्याला आणि यंत्राच्या डोळ्याला कळायला हवं होतं. मी दादाच्या सहीनं तिच्या यंत्रातली बोलणी मागवली आणि दवाखान्याच्या जिन्यात बसून कानाला लावली.

बहुतेक बोलणी साधीच होती. जोंधळा महाग झाला, दादाची दाढ दुखते, शेजारणीच्या नातीचं बारसं झालं. ती बोलायची आणि मी, म्हणजे माझा आवाज, ‘अरे वा’, ‘मग काय झालं?’ असं म्हणायचा. मी प्रत्यक्षात तिच्याशी इतक्या शांतपणे कधीच बोललो नव्हतो. मग मागच्या एप्रिलमधली एक सकाळ आली.

‘वहिनी, आज कसं आहे?’

‘बरं हाय.’ मग बराच वेळ काही नाही. मी मोजले, अकरा सेकंद. ‘भावजी... एक सांगू का? तसं काय न्हाई. जरा अंगावरनं जातंया.’

माझा आवाज लगेच म्हणाला, ‘घाबरू नका. वहिनी, दोन्ही हात वर करा बघू.’

बांगड्या वाजल्या.

‘छान. आता खाली घ्या. जरा हसून दाखवा. छान. आता माझ्यामागे म्हणा, आज अंगणात ऊन छान पडलंय.’

‘आज अंगणात ऊन छान पडलंय,’ वहिनी म्हणाली.

‘सगळं ठीक आहे. मनात भीती आणू नका. रोज थोडं चालत जा.’

काय झालं ते मला तिथे जिन्यातच, त्याच क्षणी कळलं. माझ्या चार हजार एकशे बारा शब्दांत ‘अंगावरून वारं जाणं’ होतं. म्हणजे लकवा. कोरेगावच्या एका म्हाताऱ्यानं तो शब्द मला दिला होता आणि मी तो व्याख्यानांत नेहमी सांगायचो. ‘अंगावरून जाणं’ मात्र नव्हतं. बाईच्या अंगावरून पांढरं जातं, लाल जातं, आणि बायका ते ‘काय’ जातं हे म्हणतच नाहीत, नुसतं ‘जातं’ म्हणतात. यंत्राला शब्द सापडला नाही म्हणून त्यानं सर्वांत जवळचा घेतला. लकव्याची तपासणी केली. दोन्ही हात सारखे वर गेले, हसताना तोंड वाकडं झालं नाही, वाक्य स्पष्ट उमटलं. म्हणजे लकवा नाही. म्हणजे बाईला नुसती भीती वाटते. आणि मी शिकवल्याप्रमाणे यंत्रानं रोगाचं नाव घेतलं नाही. ‘लकवा नाही’ एवढे दोन शब्द जरी ते बोललं असतं तरी वहिनी म्हणाली असती, ‘अवं लकव्याचं कुठं म्हणतीया मी!’ तीही नाव घेईना, यंत्रही घेईना.

चौदा महिन्यांत तिनं ते नऊ वेळा सांगितलं. यंत्राचा नियम असा की एकच तक्रार पुन्हा पुन्हा आली आणि तपासणीत काही निघालं नाही, तर मनाचा भाग वाढवायचा. पहिल्या खेपेला मन चाळीस टक्के होतं, नवव्या खेपेला चौऱ्याण्णव. रक्त जाऊन नाडी वाढली, ती भीतीच्या खात्यात गेली. फिकटपणा काळजीच्या खात्यात गेला. ती जितक्यांदा सांगत गेली तितकी ती यंत्राच्या लेखी खोटी ठरत गेली. नवव्यानंतर तिनं शब्द काढणंच सोडलं. त्यानंतर रोज सकाळी प्रश्न आला की नुसत्या बांगड्या वाजायच्या. यंत्राची नोंद: हात समान, प्रकृती उत्तम.

मी तिथूनच मुलाणी सिस्टरना फोन केला. त्या सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, ‘सर, तो कागद असेल तुमच्याकडे.’

होता. पिशवीच्या त्याच कप्प्यात, चहाचा डाग पडलेला. पहिलाच शब्द ‘अंगावरून जाणे’. त्याच्यापुढे सिस्टरच्या गोल अक्षरात लिहिलं होतं, ‘हे बाई पुरुषाला सांगत नाही. सांगितलं तर समजा फार झालंय.’

त्याच संध्याकाळी अकरा हजार घरांत तो शब्द शोधायला लावला. त्रेसष्ट बायका निघाल्या. संस्थेचे संचालक म्हणाले, शब्द गुपचूप भरून टाकू, बोभाटा कशाला. मी पहिल्यांदाच त्यांचं ऐकलं नाही, माझ्या सहीनं त्रेसष्ट घरांना चूक कळवली आणि राजीनामा दिला. सिस्टर दारोदार गेल्या. दोघींना वहिनीचाच रोग निघाला, पण अगदी सुरुवातीचा. लोक मला सांगतात, बघ, दोघी वाचल्या. मी हो म्हणतो. खरं सांगायचं तर मला त्या दोघींचा आनंद होत नाही. होईल कधीतरी.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी दुपारी दादा औषधं आणायला खाली गेला होता. खाटेवर वहिनी आणि शेजारी मी. ती मोसंबं सोलून मला फोडी देत होती. पेशंट ती आणि खातोय मी.

‘वहिनी,’ मी म्हणालो, ‘एकदा तरी मला फोन करून सांगायचं होतं.’

तिनं चकित होऊन माझ्याकडे पाहिलं. ‘सांगितलं की, भावजी.’

मी हातातली फोड खाली ठेवली.

‘जीव मुठीत धरून सांगितलं. दिराला कुणी असलं सांगतं का? पर म्हटलं, आमचं भावजी डाक्टर, त्यास्नी न्हाई तर कुणाला सांगू. तर तुम्ही म्हणला, हात वर करा.’ ती हसली, माझी बाजू घेत असल्यासारखी. ‘मला तवाच कळलं. तुम्हास्नी लाज वाटली, म्हणून विषय बदलला. लहानपणापास्नं तुमचं तसंच. चार बायका आल्या की दाराआड. म्हटलं, कशाला अवघडात घालायचं. पर ऱ्हावंना, म्हणून परत परत सांगत गेले. तुम्ही परत तेच. मग म्हटलं, शिकलेलं माणूस हाय, हातावरनंच सगळं कळत असंल. करत गेले हात वर.’

दोनच गोष्टी मी सांगू शकत होतो. वहिनी, मी ऐकलं आणि कानाआड केलं. किंवा, मी कधी ऐकलंच नाही. पहिलं खोटं होतं, पण तिनं त्याची माफी केव्हाच देऊन टाकली होती. ते तसंच राहू द्यावं असा मोह मला झाला. फार झाला. पण एक खोटं मी देवळीशेजारी उभं राहून तिला आधीच दिलं होतं, आणि त्याचं काय झालं ते समोर खाटेवर होतं.

‘ते मी नव्हतो, वहिनी. ते यंत्र होतं. त्याला तुमचा शब्द कळला नाही, कारण मी तो त्याला शिकवला नव्हता. माझ्यापर्यंत काहीच पोचत नव्हतं. त्या दिवशी मी खोटं बोललो.’

‘आवाज तर तुमचाच हुता.’

‘आवाज माझा होता.’

मोसंब्याची फोड तिच्या हातात तशीच राहिली. मला वाटलं, आता रडेल, नाहीतर बोलेल काहीतरी, मारेल तरी. मारलं असतं तर बरं झालं असतं.

‘म्हंजी काहीच न्हाई कळलं? ह्यांच्या दाढंचं? बारशाचं?’

‘नाही.’

‘आन् माझ्या आईच्या वर्षश्राद्धाला मी एकटी रडले, तवा तुम्ही म्हणला, वहिनी, मी हाय ना...’

ते मी अजून ऐकलंही नव्हतं.

‘मग एवढं दिस मी कुणासंगं बोलत हुते, भावजी?’

रागानं नाही, खरंच माहीत करून घ्यायचं असल्यासारखं तिनं विचारलं. मग तिनं फोड माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, ‘ह्यांना नका सांगू. त्यास्नी वाटतंय तुम्ही रोज बोलता माझ्यासंगं.’

शस्त्रक्रिया झाली. किरणं झाली. त्यानंतर एक पावसाळा तिनं काढला, आणि दुसरा काढेल असं आता कुणी म्हणत नाही. मी विट्यालाच राहतो. यंत्र मी स्वतः उचलून माळ्यावर टाकलं. आता रोज सकाळी चहाची कपबशी घेऊन मीच तिच्या खाटेशी जातो. दिवसातला बराच वेळ ती गुंगीत असते आणि गुंगीत तिला माणूस कोणता, यंत्र कोणतं, हे उमगत नाही. तसं ते उमगावं म्हणून मी पूर्वी तरी कुठे काही केलं होतं?

आज सकाळीही गेलो. डोळे मिटलेले होते. मी तिच्या कपाळावर हात ठेवला आणि विचारलं, ‘वहिनी, आज कसं आहे?’

आवाज ओळखून ती हलली. डोळे न उघडता तिनं दोन्ही हात उचलले. काठीसारखे झालेले, बांगड्या कोपरापर्यंत घसरलेले, पण दोन्ही सारखे, एका उंचीवर. मग ती हसून दाखवायला लागली. हात थरथरायला लागले तरी तिनं ते खाली घेतले नाहीत, आणि ती का थांबली आहे हे कळायला मला एक क्षण लागला.

‘आता खाली घ्या, वहिनी,’ मी म्हणालो.